एक लिपी, दोन घराणी



आजचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात शंका आली असेल. मंगोल भाषा आशियाच्या उत्तरेकडील गवताळ माळरानावरची, सर्बियन भाषा युरोपच्या आग्नेय भागातली. या दोघींची गाठ घालून आपल्या पदरात काय पडणार? शंका रास्त आहे. तिचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल अशी आम्हाला उमेद आहे.

बेलग्रेडचे एक आणि उलानबातरचे एक अशी दोन छापील पुस्तके आपण शेजारी शेजारी ठेवू. दोन्ही सिरिलिक लिपीत आहेत. सर्बियन वर्णमालेत ३० अक्षरे, मंगोल वर्णमालेत ३५; त्यांतली बरीचशी सारखीच. पाहणारा सहज म्हणेल, या दोघी सख्ख्या बहिणी असाव्यात. पण हा निर्णय केवळ पोशाख पाहून दिलेला झाला. पोशाखावरून नाते ठरवायचे तर नेपाळी आणि मराठी जुळ्या म्हणाव्या लागतील, आणि कोंकणी देवनागरीत, रोमीत व कानडीत लिहिली जाते म्हणून तिचे तीन तुकडे करावे लागतील!

मग नाते पाहावे कशात? रोजच्या, घरगुती शब्दांत. सर्बियन माणूस दोनला ‘द्वा’ म्हणतो, तीनला ‘त्री’, दहाला ‘देसेत’ आणि शंभराला ‘स्तो’. भाऊ म्हणजे ‘ब्रात’, धूर म्हणजे ‘दिम’, आकाश म्हणजे ‘नेबो’. आपले भ्राता, धूम आणि नभ येथे ओळखीचे हसताना दिसतात. खरी गंमत सासरच्या माणसांत आहे. तेथील सुनेला नवऱ्याचा बाप ‘स्वेकर’ असतो, त्याची आई ‘स्वेक्र्वा’, त्याचा भाऊ ‘देवेर’ आणि त्या भावाची बायको ‘येत्र्वा’. संस्कृतातील श्वशुर, श्वश्रू, देवर आणि यातृ ते हेच. त्यांचेच आपल्याकडे सासरा, सासू, दीर आणि जाऊ झाले. आणि ती स्वतः तेथे ‘स्नाहा’, म्हणजे आपली स्नुषा, आपली सून! हजारो वर्षांपूर्वी वेगळे निघालेले एकाच वंशाचे हे दोन संसार आहेत, आणि जावा-जावांचे नाते दोघांनीही मोडलेले नाही. तीन लिंगेही दोन्हीकडे शाबूत आहेत. आपण मोठा, मोठी, मोठे म्हणतो; ते ‘वेलिकी, वेलिका, वेलिको’ म्हणतात.

आता मंगोल भाषेकडे वळू. तेथे एक, दोन, तीन म्हणजे ‘नेग, खोयोर, गुरव’. ओळखीचे काहीच नाही. लिंगभेद मुळीच नाही; मोठे ते सारे ‘तोम’, मग ते गाव असो की घर. शिवाय एका शब्दातील स्वर एकमेकांशी जुळवून घेतात. ‘पासून’ या अर्थाचा प्रत्यय ‘गेर’ला लागला की ‘गेरेस’ होते, ‘नोम’ला लागला की ‘नोमोस’, आणि बापाला म्हणजे ‘आव’ला लागला की ‘आवास’. स्वरांचे असे पंक्तिभोजन सर्बियनमध्ये नाही, मराठीतही नाही.

असे असूनही एक चमत्कार पाहा. ‘मी पुस्तक वाचत आहे’ हे मंगोल माणूस कसे म्हणेल? ‘बी नोम उन्शिज बाइन’. बी म्हणजे मी, नोम म्हणजे पुस्तक, उन्शिज म्हणजे वाचत, बाइन म्हणजे आहे. शब्दामागे शब्द ठेवा, वाक्य तयार! सर्बियन माणूस मात्र सहसा ‘मी वाचतो पुस्तक’ या क्रमाने बोलेल. आपण ‘घरात’ म्हणतो, मंगोल ‘गेर्त’ म्हणतो. दोघांचाही प्रत्यय शब्दाच्या मागे. सर्बियन ‘उ कुची’ म्हणतो. त्याचा ‘आत’ घराच्या आधी येऊन उभा राहतो. म्हणजे रक्ताने आपण सर्बियनचे, आणि वाक्याच्या चालीने मंगोलच्या जवळचे. ही चाल म्हणजे नाते नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तमिळ, तुर्की, जपानी याही भाषा क्रियापद शेवटी ठेवतात. तसेच ‘गेर’ आणि ‘घर’ यांच्या साम्यावर भाळून जाऊ नये. आपले घर ‘गृहा’तून आले, मंगोलांच्या गेराचा त्याच्याशी संबंध नाही. तो केवळ योगायोग.

नात्याखेरीज देवघेवही असते. बौद्ध धर्माच्या वाटेने संस्कृत शब्द मंगोलियापर्यंत गेले. तेथे आजही मंगळ ग्रह ‘अंगारग’ आहे, गुरू ‘बर्खास्बद’, शुक्र ‘सुगर’ आणि रत्न म्हणजे ‘एर्देने’. आपला ‘संसार’ तेथे ‘सन्सार’ होऊन अंतराळ या अर्थाने नांदतो. १९८१ साली पहिला मंगोल अंतराळवीर गेला, तो या ‘सन्सारात’च गेला! उलट ‘उलानबातर’ म्हणजे लाल वीर. त्यातल्या ‘बातर’चे जुने रूप फारसीच्या मार्गाने आपल्याकडे ‘बहादूर’ होऊन आले. सर्बियनांची साखर ‘शेचेर’. आपली शर्करा इराण आणि तुर्कस्तानची वाट चालून तेथवर पोचली. आणि चहा? सर्बियात ‘चाय’, मंगोलियात ‘त्साइ’. तो तिघांनाही चीनने पाजला.

आता लिपीकडे येतो, कारण विषयाचे मर्म तेथे आहे. सर्बियनची आजची लिपी वुक काराजिच या पुरुषाने घडवली. खेड्यातला जन्म, अधू पाय. पण त्याने १८१८ साली कोश छापला आणि बोलावे तसे लिहावे, एका ध्वनीला एकच अक्षर असावे, हा आग्रह धरला. धर्मपीठाने कडवा विरोध केला. १८४७ साली त्याच्या तरुण सहकाऱ्याने या वादावर जे पुस्तक काढले, त्याच्या नावातच ‘युद्ध’ हा शब्द होता. वुक १८६४ साली वारला. सर्बियाने त्याचे लेखन अधिकृतपणे मान्य केले ते १८६८ साली. जनतेच्या जिभेतून निघालेली ही सुधारणा होती.

मंगोलियाची कथा निराळी आहे. परंपरेप्रमाणे १२०४ साली चंगीझखानाच्या पदरी आलेल्या उइगुर लिपिकाकडून मंगोलांनी लिपी घेतली. ती वरून खाली उतरते. सातशे वर्षांहून अधिक काळ इतिहास, धर्मग्रंथ आणि घरची पत्रे तिच्यात लिहिली गेली. सोव्हिएत प्रभावाच्या काळात १९४१ साली सिरिलिक लिपीचा निर्णय झाला आणि १९४६ पासून सारा कारभार तिच्यात सुरू झाला. साक्षरता झपाट्याने वाढली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण आजोबांचे हस्ताक्षर नातवाला परके झाले, हेही तितकेच खरे. १९९० च्या लोकशाही चळवळीनंतर जुनी लिपी परत आणण्याचे ठरले, परंतु ते तडीस गेले नाही. पुढे २०१५ साली कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कागदपत्रे दोन्ही लिप्यांत काढावीत असे ठरले. गमावलेली लिपी परत मिळवायला पिढ्या खर्ची पडतात.

हे ऐकताना आपल्या घरातील माळ्यावरचे लाल रुमाल आठवावेत. आमच्याही घरी असा एक रुमाल आहे. आमच्या पणजोबांनी मोडीत लिहिलेले कागद त्यात आहेत आणि घरातल्या एकाही माणसाला ते वाचता येत नाहीत. भाषा मराठी, शब्द आपलेच, वाडवडील आपलेच; आणि आम्ही मात्र परक्यासारखे त्या अक्षरांकडे बघत बसतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातही असे असंख्य कागद वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. मोडीचा कोणी परकीयाने बळाने घास घेतला नाही. छापखान्याला बाळबोध सोयीची पडली, शाळांतून मोडी गेली, आणि आपण हळहळलोही नाही.

लिपी म्हणजे भाषेचे रक्त नव्हे, हे आपण प्रारंभीच पाहिले. सिरिलिक घालून मंगोल काही सर्बियनची बहीण झाली नाही. पण लिपी म्हणजे घराची किल्ली मात्र आहे. घर आपलेच असले, तरी किल्ली हरवलेला मालक ओट्यावरच बसून राहतो. मोडी शिकायला फार काळ लागत नाही. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एकदा माळ्यावर नजर टाकावी, आणि घरातल्या एका तरी मुलाने ही किल्ली हाती घ्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.