‘निवाडा’ या शब्दाचा अर्थ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



घरवाटणीचे व देण्याघेण्याचे तंटे आपल्या मंडळाकडे येतात आणि ‘निवाडा करा’ अशी विनंती होते. म्हणून आज आम्ही या शब्दाचाच विचार करण्याचे योजिले आहे.

‘निवाडा’ हा ‘निवडणे’ याच घराण्यातला, ‘निवडणूक’ही त्यातलीच. आपल्या माताभगिनी सुपात तांदूळ निवडतात, तेव्हा खडा टाकतात आणि दाणा राखतात. निवाडाही तसाच.

पेशवाईत पंचांपुढे वाद नेताना उभय पक्ष ‘निकाल मान्य करू’ असे लिहून देत. त्या कागदास ‘राजीनामा’ म्हणत. आज आपण तो नोकरी सोडताना देतो. मूळचा अर्थ राजीखुशीचा. हरणारा पुढे आपली हार ‘येजितखता’ने लिहून देई. पंचांचे बळ होते ते या संमतीत.

परंतु निवाड्याच्या नावाखाली ज्ञातिपंचायतींनी माणसे वाळीतही टाकली. ते निवडणे नव्हे, सूपच उकिरड्यावर पालथे घालणे होय. महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला, हे उचितच झाले. मागील पिढीत आपणही एक घर वाळीत टाकले होते. त्या घरची मंडळी आज या सभेत बसली आहेत, याचा आम्हांस आनंद वाटतो, आणि लाजही.

यापुढे आम्ही प्रथम एवढेच विचारू : उभयता राजी आहात ना? नसल्यास न्यायालयाचे दार उघडे आहे. आणि तेथे गेलेल्यासही आपल्या पंगतीत पान मांडलेले असेल.