बादलीतलं पाणी

कोकणात मे महिना उतरणीला लागला की घराघरांत आगोटीची गडबड सुरू होते. आगोट म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी. लाकडं पडवीत रचायची, सुकी मासळी डब्यांत बंद करायची, मिरच्या, कोकमं, पापड, मीठ सगळं चार महिन्यांसाठी कोरड्या जागी पोचवायचं. या यादीत कागद मात्र कुठेच नसतो. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेलं बियाणं धुराने कोरडं राहतं, पुस्तकं काही तिथे ठेवता येत नाहीत. ती कपाटात राहतात आणि श्रावण संपेपर्यंत त्यांना बुरशीचा वास यायला लागतो.

आमच्या घरी कागद बराच आहे. माझे अब्बा उर्दू आणि मराठी दोन्ही सारख्याच ओढीने वाचायचे. माडीवरच्या खोलीत त्यांची चार कपाटं आहेत. त्यात उर्दू दिवान आहेत, मराठी कवितासंग्रह आहेत, जुने दिवाळी अंक आहेत, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या अकरा वह्या आहेत. वह्या शाईच्या पेनने लिहिलेल्या. या शाईला ओल लागली की अक्षर फुटतं आणि कागदावर निळा ढग तेवढा उरतो. छापलेलं पुस्तक गेलं तर शोधून दुसरी प्रत मिळते. या वह्यांची दुसरी प्रत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आमची कौलं उडाली आणि पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. त्या पावसाळ्यात तीसेक पुस्तकं गेली. वह्या वाचल्या त्या आईच्या लोखंडी पेटीत होत्या म्हणून. ते ऐकून दुबईतल्या माझ्या भाच्याने कार्गोने एक यंत्र पाठवलं, हवेतली ओल काढणारं, डिह्युमिडिफायर. हा शब्द उच्चारेपर्यंत निम्मी ओल सुकेल, म्हणून आमच्या घरी त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणतात.

गंमत अशी की, हवेतली ओल यंत्राने काबूत ठेवण्याची एक गाजलेली खटपट झाली ती कागदासाठीच. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात रंगीत छपाई बिघडत होती. एक रंग छापून दुसरा छापेपर्यंत कागद ओलीने फुगायचा किंवा आक्रसायचा, आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या इंजिनिअरने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातली ओल नियंत्रणात ठेवायची योजना आखली. आजच्या एअर कंडिशनरची सुरुवात तिथून सांगतात. तो गारवा माणसांसाठी नव्हता, कागदासाठी होता!

आमचं मशीनही त्याच तत्त्वावर चालतं. फ्रीजमधली पाण्याची बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो. हा घाम बाटलीतून झिरपलेला नसतो, हवेतली वाफ थंड काचेवर पाणी होऊन बसलेली असते. मशीनच्या पोटात अशीच एक थंड जाळी असते. तिला कॉइल म्हणतात. पंखा खोलीतली दमट हवा जाळीवर ओढतो, पाणी ठिबकून खालच्या बादलीत पडतं, आणि कोरडी झालेली हवा दुसऱ्या, गरम कॉइलवरून बाहेर जाते. त्यामुळे खोली गार होत नाही, उलट थोडी ऊबच येते. आमच्याकडे येणारे पाहुणे मशीनसमोर गारव्यासाठी उभे राहतात आणि निराश होतात.

पहिल्या पावसाळ्यात मला एका गोष्टीने चक्रावून सोडलं होतं. चोवीस तासांत सात-आठ लिटर पाणी निघायचं. एवढं पाणी एका खोलीच्या हवेत असतं? मी हिशेब करून पाहिला. खोली बारा बाय चौदा फूट, उंची दहा, म्हणजे सुमारे ४७ घनमीटर हवा. २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटरात साधारण साडेचोवीस ग्रॅम वाफ असते. म्हणजे सगळ्या खोलीतल्या हवेत मिळून पाणी जेमतेम सव्वा लिटर! आर्द्रता ६० टक्क्यांवर आणायची तर त्यातलं चारशे ग्रॅमसुद्धा काढावं लागत नाही. मग बादलीत आठ लिटर येतं कुठून?

ते येतं चिऱ्याच्या भिंतींतून, तक्तपोशीच्या लाकडातून, कपाटांतून आणि खुद्द पुस्तकांतून. कागद ओल पिऊन बसलेला असतो. हवा कोरडी झाली की तो ती हळूहळू सोडतो. आणि उरलेलं येतं दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या झडपांतून. हे कळल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते सुताराला बोलावण्याचं. दाराखाली रबराची पट्टी, खिडकीला आतून काच, तक्तपोशीच्या भेगांत भरण. पाणी आठ लिटरांवरून चार-पाचावर आलं आणि मशीन अधूनमधून आपलं आपण थांबू लागलं.

अमेरिकेत, न्यू जर्सीसारख्या भागात, आपल्या मराठी माणसांच्या घरांतही अख्ख्या घरासाठी एकच मोठं मशीन तळघरात बसवलेलं आढळतं. पत्र्याच्या हवानळ्यांतून ते सगळ्या खोल्यांची ओल काढतं, आणि पाणी नळीने थेट मोरीत किंवा पंपाने बाहेर जातं. तिथली घरं डब्यासारखी बंद, म्हणून ते जमतं. आमची कौलारू घरं श्वास घेण्यासाठीच बांधलेली. अशा घरात संपूर्ण घराचं मशीन बसवणं म्हणजे अरबी समुद्र सुकवायला बसणं. आपण एक खोली निवडावी, ती बंद करावी आणि जपावी. मशीनची निगा मात्र दोन्हीकडे सारखीच: गाळणी, कॉइल, पाण्याची वाट.

गाळणी मी दर दुसऱ्या शुक्रवारी धुते. साध्या पाण्याने धुवायची, सावलीत पूर्ण सुकवायची, मगच बसवायची. निचऱ्याची नळी सतत उताराची हवी. मध्ये जरा जरी झोळ पडला तरी तिथे पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि पाणी उलटं खोलीत येतं. बादलीत एक तरंगता खटका असतो, बादली भरली की तो मशीन बंद करतो. तो चिकटला तर बादली रिकामी असूनही मशीन हलत नाही, आणि लोक मशीन जळलं म्हणून हवालदिल होतात. बादलीतलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण पिऊ नये आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये. धूळ आणि धातू उतरलेलं पाणी ते. फरशी पुसायला उत्तम.

गेल्या वर्षी ऐन आषाढात, झड लागलेली असताना, मशीन बंद पडलं. दिवसभर विजेचा दाब कमी-जास्त होत होता. संध्याकाळी पंखा फिरत होता, पण पाणी यायचं थांबलं. मी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं की हे मॉडेल भारतात विकलं जात नाही, सुटे भाग मिळणार नाहीत, नवीन घ्या. मग शहरातून एक तंत्रज्ञ आला. त्याने मशीनवर हात ठेवला, झाकण न उघडताच “गॅस गेला” म्हणाला, आणि असा आकडा सांगितला की त्यात निम्मं नवीन मशीन आलं असतं.

मी नको म्हटलं. पण खोली थांबत नव्हती. भिंतीवरचा आर्द्रतामापक ५८ वरून ८४ वर गेला. साधारण ६५-७० च्या वर आर्द्रता बरेच दिवस राहिली की बुरशीला आमंत्रण. अकरा वह्या मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या. त्या पुड्यांतले निळे खडे ओल प्यायले की गुलाबी होतात. मी रोज सकाळी चहाआधी खड्यांचा रंग बघत होते. सहाव्या दिवशी कडेचे खडे गुलाबी झाले.

बाजारपेठेत फ्रीज दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. मासळीवाल्यांच्या शीतपेट्या सांभाळण्यात त्यांचा पावसाळा जातो, म्हणून त्यांना यायला अकरावा दिवस उजाडला. असं मशीन त्यांनी पूर्वी उघडलेलं नव्हतं. पाच मिनिटं नुसते ऐकत बसले. मशीन घूं करायचं, दहा-पंधरा सेकंदांत ‘टक्’ आवाज व्हायचा आणि घूं बंद. काही मिनिटांनी पुन्हा तेच.

“ताई, गॅसचं नंतर बघू. ह्याला उठताच येत नाहीये,” ते म्हणाले.

मी शहरातल्या तंत्रज्ञाचं निदान सांगितलं. मिस्त्री हसले. “गॅस काय पेट्रोल आहे, जाळून संपायला?”

हे वाक्य प्रत्येक फ्रीजवर लिहून ठेवावं असं आहे. गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो, खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे, आणि ती गळती शोधून, डाग देऊन, नळ्यांतली हवा पंपाने खेचून, मग वजन करून गॅस भरायचा असतो. गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. शिवाय नव्या काही मशीनमधला गॅस प्रोपेन असतो, पेट घेणारा. तिथे माहितगाराशिवाय कुणी हात घालू नये. भरलेल्या गॅसचं नाव मशीनच्या पाठीवरच्या पट्टीवर छापलेलं असतं.

मिस्त्रींनी प्लग काढला, पाठीमागचं झाकण उघडलं आणि एका चपट्या पायाच्या ॲल्युमिनियमच्या डबीकडे बोट दाखवलं. हा कपॅसिटर. कॉम्प्रेसरला सुरू होताना जो धक्का लागतो तो हा देतो. प्लग काढल्यावरही त्याच्यात वीज साठलेली असते, म्हणून त्यांनी आधी बल्बच्या वायरींनी ती उतरवली. घरच्या माणसाने तिथे बोट न घालण्याचं हेच कारण. डबीचं डोकं किंचित फुगलेलं होतं. मीटर लावला, तर डबीवर छापलेल्या आकड्याच्या चौथा हिस्साही येत नव्हता. कॉम्प्रेसर जोर लावायचा, उठू शकायचा नाही, तापायचा, आणि रक्षक खटका त्याला बंद करायचा. ‘टक्’ आवाज त्याचा.

नवीन डबी त्यांनी दुकानातून मागवली. किंमत दोनशे रुपयांच्या आत. ती येईपर्यंत त्यांनी कॉइल साफ केली. जाळीच्या आतल्या बाजूला जांभ्याची लाल धूळ आणि पुस्तकांचं कातण मिळून नमद्यासारखा थर होतो. गाळणीतून निसटणारी ही बारीक धूळ. वर्षातून एकदा ती मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेनेच काढायची. आडवा ब्रश मारला तर पातळ पट्ट्या मुडपतात आणि हवेची वाट बंद होते.

मग मशीन सुरू केलं. दहा मिनिटांनी मिस्त्रींनी मला टॉर्च धरायला लावला. सगळी कॉइल वरपासून खालपर्यंत सारखी घामेजली होती. “बघा, गॅस जागेवर आहे.” गॅस कमी असता तर जाळीच्या एका टोकालाच बर्फ धरला असता आणि बाकीची कोरडी राहिली असती. सगळ्या जाळीवर बर्फ धरला तर बहुधा हवा कमी पडते आहे, गाळणी किंवा पंखा बघायचा. आमच्या खोलीत तापमान पंचविशीच्या खाली येत नाही, तेव्हा इथे बर्फ दिसला की काहीतरी बिघडलं आहे, एवढं नक्की. जाताना त्यांनी स्टॅबिलायझर लावायला सांगितलं, आणि वीज जाऊन आली की तीन-चार मिनिटं थांबूनच मशीन सुरू करायचं, असं दोनदा बजावलं.

आर्द्रता ६० वर यायला तीन दिवस लागले. कापडी बांधणीच्या तीन दिवानांवर पांढरी बुरशी आली होती. ती ओल्या फडक्याने पुसायची नसते, आत मुरते. पुस्तक आधी सुकू द्यायचं, मग नाकाला फडकं बांधून, घराबाहेर सावलीत, मऊ ब्रशने झाडायचं. दोन पुस्तकं नीट झाली. तिसऱ्याच्या पाठीवरचं सोनेरी नाव गेलं, मजकूर शाबूत आहे. वह्यांचा डबा उघडला तेव्हा आतले निम्मे खडे गुलाबी होते आणि निम्मे निळे. अक्षर एकही फुटलं नव्हतं.

मापक खरं सांगतो की नाही, हेही अधूनमधून बघावं लागतं. त्याची युक्ती स्वयंपाकघरातच आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घालायचं. ते झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. आमच्या मापकाने ७९ दाखवले. म्हणून आता मी त्याच्या आकड्यातून चार वजा करते. आर्द्रता ५५ च्या आसपास आली की पुरे. फार कोरडं केलं, चाळिशीच्याही खाली, तर जुना डिंक आणि चामडं तडकतं.

नवरात्राच्या सुमारास पाऊस निघून जातो, तेव्हा बादली आणि नळी सुकवून, नुसता पंखा काही तास चालवून मशीन कोपऱ्यात उभंच ठेवते. आडवं केलं तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत शिरतं, मग ते उभं करून बराच वेळ थांबल्याशिवाय सुरू करता येत नाही. मिस्त्रींनी तशाच आकड्याचा आणखी एक कपॅसिटर आणून दिला आहे. तो अब्बांच्या टेबलाच्या खणात, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी आहे.