मोडीत गेलेला मोर



आजीचा लामणदिवा आम्ही मोडीत घातला, येथूनच बोलण्यास आरंभ करणे प्रामाणिकपणाचे होईल. घरात स्टीलची भांडी आली, फळीवरचे तांबे-पितळ अडगळ वाटू लागले, आणि दारी आलेल्या मोडवाल्याने साखळीसकट दिवा तराजूत टाकला. त्याने वजन पाहिले; आम्हीही वजनच पाहिले. साखळीच्या टोकाशी एक मोर होता. त्याचे वेगळे पैसे त्याने दिले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत.

पुढे पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांपुढे उभे राहिलो, तेव्हा तो मोर आठवला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी जमवाजमव सुरू केली, ती जडजवाहिराची नव्हे. अडकित्ते, वज्र्या, फण्या, दौती, दिवे, कोरीव दारे यांची. पत्नी कमलाबाई यांची त्यांस साथ होती. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहास दिले आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात २०,०००हून अधिक वस्तू आहेत. ज्या हातांनी त्या घडवल्या, त्यांतील बहुतेकांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

आपण म्हणाल, आमच्या दोन खोल्यांत काय मावणार? पुष्कळ मावते! आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच पाहा. खामगाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. देवघरातला टाक झिजला की सोनाराकडे देऊन नवा घ्यावयाचा ही जुनी वहिवाट. नवा टाक जरूर घ्यावा. पण आजोबा-पणजोबांची बोटे ज्यावर फिरली तो जुना भट्टीत जाऊ देऊ नये. लोणार-मेहकरकडील तांड्यांतून बंजारा स्त्रियांनी कवड्या-आरसे जडवून शिवलेल्या कांचळ्या पाहा. महालक्ष्म्यांचे जुने मुखवटे, पोळ्याच्या झुली, पाडलेल्या वाड्यांचे नक्षीदार खांब, हे सारे आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे.

परंतु जमवण्यालाही मर्यादा हवी. लोणारच्या देवळांतील भग्न शिल्प दिवाणखान्यात मांडण्याची वस्तू नव्हे. १९७२च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती-शिल्पांची नोंदणी सांगितली आहे, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्यास खाजगी माणसाला मनाई केली आहे. कायद्यापलीकडे दुसरीही एक मर्यादा आहे. अडलेल्या माणसाच्या घरातून देवाचा टाक स्वस्तात उचलणे हा छंद नव्हे. त्याची अडचण आपली संधी झाली, तर मोडवाला आणि आपण यांत अंतर ते काय? मोडवाला निदान रसिकतेचा आव तरी आणीत नाही.

वस्तू घेतली तर एक वही घाला. कोणत्या गावची, कोणाच्या घरातली, कशासाठी वापरीत, तिला तेथे काय म्हणत, हे लिहा. वस्तू बोलत नाही. तिचे सांगणारी म्हातारी माणसे मात्र अजून आहेत, आणि ती कायमची राहणार नाहीत. नाव-गाव हरवलेली झूल ही केवळ जुनी चिंधी होय. जुने पितळ रोज चिंचेने घासू नका, नक्षी झिजते. लाकडास चकचकीत रंग फासू नका, वाळवी मात्र सांभाळा.

आणि बाजारात जाण्यापूर्वी आपल्याच घरच्या माळ्यावर चढा. तेथे रवी असेल, पानाचा डबा असेल, वाकळ असेल. आम्ही ती गोष्ट उशिरा शिकलो. आमच्या घरी आज लामणदिव्याची केवळ कडी उरली आहे, तुळईत ठोकलेली. मुले विचारतात, ही कशाची? तेव्हा आम्हांस सांगावे लागते. आपणांवर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच हे बोललो.