कार्बोरेटर आपल्या हाताने

गटाची जुनी मोटारसायकल सकाळी अडली की डेअरीची वेळ चुकायची, दूध नासायचं. शेवटी आम्हीच कार्बोरेटर खोलायला शिकलो.

इंजिन थंड हवं, चूल-काडी लांब, पेट्रोलचा कॉक बंद. कार्बोरेटरची खालची वाटी उघडून गाळ पुसायचा. जेटच्या बारीक भोकात तार घालू नका. भोक मोठं झालं की पेट्रोल जास्त जातं. पंपाने हवा मारा. जोडल्यावर इंजिन गरम करून एअर स्क्रू हळूहळू फिरवा. आवाज एकसारखा झाला की थांबा. गाडी जोरात पळावी म्हणून मोठा जेट बसवू नका, खर्चच वाढतो. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच नाही. त्या मेकॅनिककडेच न्या.

आता गाडी अडली तरी आम्ही कुणाची वाट बघत बसत नाही. दूध वेळेत पोचतं.