बार्शी लाइटची गाडी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस दहा मिनिटांत एखादी आठवण सांगण्याची आज्ञा केली आहे. शिक्षकाची दहा मिनिटे हजेरी घेण्यातच जातात. तरीही प्रयत्न करतो.

सन १९६९ च्या दिवाळीच्या सुटीत वडिलांनी आम्हां भावंडांस आगगाडीत बसवावयाचे ठरविले. आपल्या जिल्ह्यात परळीस निजामाच्या काळापासून गाडी होती. परंतु वडिलांच्या मनात पंढरपूर होते. म्हणून बीडहून एस.टी.ने बार्शी गाठली. फलाटावरील गाडी पाहून आमचा विरसच झाला. पुस्तकातील चित्राहून ती किती लहान! दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट.

ही गाडी लहान का, हे आम्हांस पुढे मास्तर झाल्यावर समजले. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण मोठी रेल्वे वीस-बावीस मैल दूर कुर्डुवाडीवरून गेलेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा नियम धरला. त्यामुळे हलके रूळ पुरले, खर्च आटोक्यात आला आणि १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. १९११ साली ती लातुरास व १९२७ साली मिरजेस पोहोचली. (या गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्याची छत्रीही तयार केली!) १९५४ साली ही रेल्वे सरकारने विकत घेतली.

असो. खिडकीशी बसण्यावरून आमचे भांडण झाले आणि जिंकलेल्याच्याच डोळ्यांत कोळशाचा कण गेला. आईने पदराच्या टोकाने तो काढला. डब्यात टाळ वाजत होते, दशम्यांची गाठोडी सुटत होती. वाटेत इंजिन पाणी प्यावयास थांबले, तेव्हा वडील आम्हांस घेऊन त्याच्यापाशी गेले. भट्टीची धग तोंडावर आली. वडील म्हणाले, "अशी गाडी एक दिवस आपल्या बीडला येईल बघा."

ते १९८८ साली वारले. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊनही तीस वर्षे गेली. दरम्यान बार्शीची छोटी गाडीही गेली. २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला. निवडणुका आल्या की आमच्याकडे रेल्वे यावयाची, आणि निकाल लागला की परत जावयाची. ऊसतोडीस जाणारी आमची माणसे मात्र दरसाल ट्रकांतच बसत राहिली.

अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडच्या फलाटावरून अहिल्यानगरची गाडी सुटली. पुढच्याच आठवड्यात आम्ही मातोश्रींस स्टेशनावर नेले. त्यांचे वय आता अठ्ठ्याऐंशी. त्यांनी डब्यास हात लावला, कपाळाशी नेला आणि विचारले, "ही पंढरीला जाते का रे?"

आम्ही म्हणालो, "नाही आई, ही नगरला जाते."

"मग बार्शीची एस.टी. किती वाजता आहे, ते विचारून ये," त्या म्हणाल्या.