मृत्युपत्र : कौटुंबिक सलोख्याचा दस्तऐवज



घरात लग्नकार्य ठरले की कर्ती माणसे महिनोन्‌महिने आधी तयारीला लागतात. परंतु आपल्या पश्चात मिळकतीची व्यवस्था काय, हा विषय निघाला की तो अभद्र मानून टाळला जातो. या टाळाटाळीची किंमत पुढे विधवेला आणि मुलांना मोजावी लागते.

महाराष्ट्रातील एका कुटुंबाचा खटला या दृष्टीने बोधप्रद आहे. १९६० साली कर्ता पुरुष निवर्तला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. विधवेचा हिस्सा किती, याचा अंतिम निर्णय सर्वोच्च न्यायालयात १९७८ साली लागला. मृत्यूपूर्वी वाटणी झाली असती तर पती, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४ हिस्सा मिळाला असता; पतीच्या १/४ हिश्शाचे सहा वारसांत सारखे भाग केले, म्हणजे प्रत्येकी १/२४. अशा रीतीने विधवेला एकूण ७/२४ हिस्सा मिळाला. न्याय झाला, पण मधली अठरा वर्षे परत आली नाहीत.

या हिशेबातच मृत्युपत्राची मर्यादाही दिसते. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ अन्वये एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून मुलीला अशा मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ साली पिता हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. म्हणून "सर्व जमीन मुलांना" असे पित्याने लिहून ठेवले, तरी वडिलोपार्जित जमिनीतील मुलीचा हिस्सा त्यामुळे जात नाही. स्वकष्टार्जित मिळकतीचे मात्र तो इच्छेप्रमाणे वाटप करू शकतो. स्त्रीलाही स्वतःच्या मालकीच्या मिळकतीचे मृत्युपत्र करता येते.

कोणती मिळकत कोणत्या प्रकारची, हे ठरविण्यासाठीच वकिलाचे साहाय्य हवे. त्याच्याकडे जाताना सातबारा व आठ-अचे उतारे, फेरफार, खरेदीखते, ठेवींच्या पावत्या आणि कर्जाचे कागद बरोबर न्यावेत. काहीही लपवू नये; कर्ज किंवा पूर्वीची वाटणी तर मुळीच नाही. व्यक्तिगत कायदा कोणता लागू होतो, हेही सांगावे. मुस्लिम कायद्यानुसार वारसांच्या संमतीवाचून एक-तृतीयांशापेक्षा अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही.

भारतीय वारसा अधिनियम, १९२५ प्रमाणे मृत्युपत्रावर करणाराची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना लाभ मिळणार, त्यांना साक्षीदार करू नये. मसुदा करतानाही त्यांनी दूर राहावे, म्हणजे दडपणाचा संशय उरत नाही. मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करणे हिताचे. हयातीत मृत्युपत्र केव्हाही बदलता येते आणि शेवटचे तेच ग्राह्य धरले जाते. बँकेतील ठेवीवर ज्याचे नाव नामनिर्देशित असते, त्याला रक्कम स्वीकारता येते; तेवढ्याने तो मालक होत नाही. म्हणून ठेवींचा उल्लेखही मृत्युपत्रात असावा.

वकिलाची फी परवडत नाही, ही सबब पुरेशी नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अन्य पात्र नागरिकांसाठी मोफत विधी साहाय्याची तरतूद आहे. त्यासाठी तालुका समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

मृत्युपत्र कोठे ठेवले आहे, हे विश्वासातील एका व्यक्तीला सांगून ठेवावे. मृत्यूनंतर जमिनीच्या हक्कनोंदणीसाठी वारसांनी तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी. प्रकृती ठणठणीत आणि घरात सर्वांचे बोलणे सुरळीत असतानाच हे काम करावे. आजारपणात घाईने केलेल्या कागदावरच पुढे सर्वाधिक वाद होतात.