पेरावें कीं रोप लावावें?



आपल्या भाषेंत शेतीच्या आरंभाला पेरणी आणि लावणी असे दोन शब्द आहेत. देशावर ज्वारी पाभरीनें पेरितात. कोंकणांत भाताचीं रोपें तरव्यांत वाढवून मग खाचरांत लावितात. घरामागील ४ वाफ्यांतही हाच प्रश्न उभा राहतो. ज्या घरीं माणसांना फुरसत थोडी आणि नळाचें पाणी मोजकें, तेथें परसबाग टिकणें न टिकणें पुष्कळदां याच निवडीवर अवलंबून असतें.

याचा निवाडा झाडाच्या मुळांवरून करावा. मुळा व गाजर यांचें सोटमूळ हेंच आपलें अन्न. रोप उपटून लावल्यास तें वेडेंवांकडें होतें. मेथी, कोथिंबीर, गवार, चवळी व भेंडी यांनाही जागा बदलणें सहसा मानवत नाहीं. हीं जागच्या जागींच पेरावीं. भेंडीचें बीं रात्रभर भिजवावें, धने रगडून फोडून घ्यावे, आणि कोणतेंही बीं त्याच्या जाडीच्या २-३ पटींहून फार खोल पुरूं नये. काकडी-दोडक्याच्या आळ्यांत ३-४ बिया टोकाव्या व सशक्त वेल ठेवून बाकीचे काढावे. अशा वेलाचें मूळ अखंड खालीं जातें. मागाहून एखादे दिवशीं पाणी चुकलें तरी तो तग धरतो. उकिरड्यावर आपोआप आलेला भोपळा याचीच साक्ष देतो. खताचा वांटा त्यांत आहेच, पण त्याचें मूळ कोणीं हालविलेलें नसतें.

वांगीं, मिरची, टोमॅटो व कोबी यांची गोष्ट निराळी. यांचें बीं बारीक, रोप आरंभीं नाजूक. तें सबंध वाफ्यांत पेरलें तर महिनाभर सगळ्या वाफ्याला पाणी घालावें लागतें आणि तणच आधीं माजतें. हातभर गादीवाफ्यांत रोपें केलीं तर झारीभर पाणी पुरतें. ४ ते ६ आठवड्यांनीं, सायंकाळीं, मुळांभोवतालच्या मातीसह तीं लावावीं. दुखावलेल्या मुळ्या कांहीं दिवस पुरेसें पाणी ओढूं शकत नाहींत आणि पानें तर तें सोडीतच असतात. म्हणूनच भर उन्हांत लावलेलें रोप मान टाकतें.

कष्ट कोठेंच टळत नाहींत. ते केव्हां करावयाचे, एवढेंच आपल्या हातीं असतें. पेरलेल्या भाजीला विरळणी हवी, लावलेल्या रोपाला पहिला आठवडा जपावें लागतें. ज्याला रोज वेळ नाहीं त्यानें ३ वाफे पेरावे व एकच लावणीला ठेवावा. पेरणी फसली तर बहुधा पंधरवड्यांत कळतें व पुन्हां पेरतां येतें. रोप मेलें तर महिना-दीड महिना वायां जातो. म्हणून गादीवाफ्यांत नांग्या भरण्यापुरतीं चार रोपें नेहमीं शिल्लक ठेवावीं.